आरओ प्लांट सुरू करण्यापूर्वी बोअरच्या पाण्याची पूर्वतयारी

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, तिथे गावाचा आरओ प्लांट ही चैनीची वस्तू नाही. म्हणूनच मेम्ब्रेन (पाण्यातील क्षार अडवणारा आरओचा पडदा) बसवण्याची घाई करण्याआधी पुढील तयारी पूर्ण झाली आहे का, हे ग्रामपंचायतीने किंवा प्लांट चालवणाऱ्या गटाने शांतपणे तपासून पाहावे.

पहिले काम प्रयोगशाळेतील तपासणीचे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर क्षार किती हे सांगतो, कोणते हे सांगत नाही. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कता, सल्फेट, फ्लोराइड, लोह, मँगनीज आणि सिलिका यांचे आकडे अहवालात स्वतंत्रपणे मागावेत. नमुना घेण्यापूर्वी मोटार दहा-पंधरा मिनिटे चालवून बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी काढून टाकावे, आणि लोहाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली घ्यावी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्यात फरक पडतो, म्हणून दोन्ही वेळचे अहवाल हाती असलेले बरे.

अहवाल आला की शुद्ध पाणी किती टक्के काढायचे ते ठरवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. शंभर लिटरमधून पन्नास लिटर शुद्ध पाणी काढले तर रिजेक्टमधील, म्हणजे प्लांटमधून वाया जाणाऱ्या खाऱ्या पाण्यातील, क्षार साधारण दुप्पट होतात, पंचाहत्तर लिटर काढले तर चौपट. मूळ पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम सिलिका असेल तर चौपट होऊन ती १६० होते, आणि २५ अंश तापमानाला पाण्यात सुमारे १२० मिलिग्रॅमच सिलिका विरघळलेली राहू शकते; जादाची मेम्ब्रेनवर थर होऊन बसते. कार्बोनेटचा थर सायट्रिक आम्लाने धुऊन निघतो. सिलिकाचा थर मात्र एकदा बसला की सहसा निघत नाही. पाणी वाया जाते म्हणून रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळण्याचा मोह होतो, तो इथेच आवरावा.

गाळासाठी सँड फिल्टर लागतो. त्याच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज हवेत, आणि दोन्हींमधील फरक वाढला की बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणे) करायला पुरेसा दाब असलेला पंप हवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची सवय गावोगावी आहे, पण उरलेले ॲल्युमिनियम मेम्ब्रेनवर जाऊन बसते, म्हणून प्लांटच्या टाकीत ती टाकू नये. बोअरमधून स्वच्छ दिसणारे पाणी थोड्या वेळाने तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे, असे समजावे. ते हवेशी मिसळून पूर्णपणे गंजू द्यावे आणि फिल्टरमध्येच अडवावे. अर्धवट गंजलेले लोह पुढे गेले की मेम्ब्रेनवर गंज साचतो.

सर्वांत जास्त लक्ष क्लोरीनकडे द्यावे. प्लांटला पाणी गावाच्या त्याच टाकीतून येत असेल, जिच्यात जलसुरक्षक टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकतात, तर क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोहोचणारच. ते गावाच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे, त्यामुळे टीसीएल बंद करणे हा उपाय नव्हे. पण हल्लीची पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने कायमची खराब होते आणि कोणत्याही धुण्याने पूर्ववत होत नाही. म्हणून कार्बन फिल्टर बसवून त्याच्या पुढच्या नळाला रोज ओटी टेस्ट (क्लोरीन असल्यास पाणी पिवळे करणाऱ्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाची चाचणी) करावी आणि पिवळी छटा अजिबात येऊ देऊ नये. क्लोरीन नष्ट करणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटचा डोस देणार असाल तर एक मिलिग्रॅम क्लोरीनमागे प्रत्यक्षात सुमारे तीन मिलिग्रॅम धरतात. क्लोरीन गेलेल्या कार्बनमध्ये जिवाणू वाढतात, म्हणून त्याचाही बॅकवॉश चुकवू नये आणि संपलेला कार्बन वेळेवर बदलावा.

कठीणपणासाठी सॉफ्टनर (कॅल्शियम-मॅग्नेशियम रेझिनच्या दाण्यांवर अडवणारे यंत्र) घ्यावा की अँटिस्केलंट (क्षारांचा थर बसू न देणारे रसायन), हा प्रश्न नेहमी येतो. सॉफ्टनरचे रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा ताजे करावे लागते आणि ते खारे सांडपाणी कुठेतरी सोडावेच लागते. आधीच क्षारांनी बिघडलेल्या जमिनीत त्याची भर घालणे मला पटत नाही, म्हणून अशा गावांत मी अँटिस्केलंटच सुचवीन. त्याचा डोस साधारणपणे लिटरमागे २ ते ५ मिलिग्रॅम असतो, तरी नेमका आकडा अहवालावरूनच काढून घ्यावा, आणि मोटार चालू असताना डोसिंग पंप खरोखर द्रावण ओढतो आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

शेवटी पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर. तो धुऊन परत वापरू नये, दोन-चार नग जादा आणून ठेवावेत. मेम्ब्रेन घालण्याआधी ही सगळी यंत्रणा रिकाम्या हाउसिंगसह (मेम्ब्रेन बसवायच्या नळीसह) चालवून कार्बनची काळी पूड संपेपर्यंत पाणी बाहेर सोडावे. मेम्ब्रेन बसवल्यावर सुरुवातीचे शुद्ध पाणीही पिण्यास न देता टाकून द्यावे, कारण मेम्ब्रेन टिकाऊ द्रावणात ठेवलेली असते. मग नोंदवहीत त्या दिवसाचे दाब, आत येणाऱ्या आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस, शुद्ध पाणी व रिजेक्टचा प्रवाह आणि पाण्याचे तापमान लिहावे. पुढे काही बिघडल्यासारखे वाटले तर तुलना याच पहिल्या पानाशी करायची असते.