मोठ्या पार्टीने बिल अडवलंय? छोट्या वर्कशॉपवाल्याने पैसे कसे वसूल करायचे

माझं भोसरीत छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुनी लेथ. एका मोठ्या पार्टीने माझे चार लाखाच्या आसपास अडकवले आणि मी दीड वर्ष नुसते फोन करत बसलो. साहेब मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात नक्की सोडतो, हेच. शेवटी सरकारी कौन्सिलकडे अर्ज टाकला तेव्हा कळलं की कायदा आपल्या बाजूने केवढा आहे आणि आपणच तो वापरत नाही, काम जाईल या भीतीने.

आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का ते बघा. नसेल तर आजच काढा, फुकट आहे, आणि माल देण्याच्या आधीचं पाहिजे कारण नंतरचं असलं की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यातलं अडकलेल्या बिलाचं संरक्षण मायक्रो आणि स्मॉल युनिटला आहे, मीडियमला नाही, आणि नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना उद्यम मिळालं तरी या वसुलीसाठी ते धरत नाहीत.

आता दिवस मोजा. लेखी काही ठरलेलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला पाहिजेत, पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, मुदत लिहिली असेल तर ती, पण कितीही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. पीओवर ९० दिवस छापलं असलं तरी चालत नाही, आपण सही केलेली असली तरी!

आणि व्याज. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. समजा बँक रेट ६ टक्के धरला तर वर्षाला १८, म्हणजे महिन्याला दीड टक्का, चार लाखाचे वर्षभरात जवळपास ४ लाख ७८ हजार होतात. अर्ज टाकताना हे व्याज मागायला लाजू नका, बरेच जण मुद्दल मिळालं तरी पुरे म्हणून सोडून देतात आणि मग तडजोडीला बसल्यावर मुद्दलातूनच कापून द्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. माझ्या केसमध्ये समोरच्यांनी एकदम सांगितलं की माल रिजेक्ट होता. मी घरी येऊन माल पोहोचवल्याच्या चलनांची फाईल काढली, एका गुलाबी कॉपीवर त्यांच्याच गेटवरच्या सिक्युरिटीने मारलेला आवकचा शिक्का होता, अर्धा पुसट, पण तारीख आणि टेम्पोचा नंबर पेनाने लिहिलेला स्पष्ट दिसत होता. कायदा म्हणतो की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरायचं. त्यांची १५ दिवसांतली एकही मेल नव्हती, रिजेक्शनचं पहिलं पत्र सात महिन्यांनी आलेलं. त्या एका शिक्क्याने अख्खं रिजेक्शनचं प्रकरण कोसळलं. म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवा, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही.

बाकी पीओ, बिलं, ई-वे बिल, लेजर, बॅलन्स कन्फर्मेशनची (बाकी रक्कम मान्य असल्याची) मेल, व्हॉट्सअॅपवर "पेमेंट करतो" म्हणालेले मेसेज हे सगळं ठेवा, मोबाईल बदलताना चॅट उडवू नका. त्यांनी तुमच्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तोही मुद्दा मांडा, माल मिळालाच नाही म्हणणारा क्रेडिट कसं घेतो?

मग एक नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि मेलने. त्यात इन्कम टॅक्सचा उशिरा पेमेंटचा नियम (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) नक्की टाका. २०२३-२४ पासून असं आहे की मायक्रो-स्मॉल युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी खरोखर पैसे देतील त्याच वर्षी वजा मिळतो. मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, हे मी बघितलंय.

नाहीच आले पैसे तर फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे याच कायद्याखाली अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ. अर्ज ऑनलाइन होतो, समाधान पोर्टल २०१७ ला आलं आणि २०२५ ला ओडीआर (ऑनलाइन वाद सोडवायचं) पोर्टलही आलंय. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं की तिथेच लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत पण प्रत्यक्षात जास्त लागतात, त्यामुळे घर त्या पैशावर चालवायचा हिशोब करू नका. पीओवर "वाद फक्त दिल्लीत, आमच्याच लवादापुढे" असं बारीक अक्षरात असेल तरी घाबरू नका, तुमचं युनिट जिथे तिथलं कौन्सिल चालतं, आणि वेगळा लवाद ठरलेला असला तरी हा कायदा वरचढ हे सुप्रीम कोर्टाने २०२२ ला महाकाली फूड्सच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. निकालाविरुद्ध त्यांना कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, इथेच बरेच जण तडजोडीला येतात.

कायद्यात बसत नसाल तर कोर्ट. तीन लाख किंवा वरचा व्यापारी वाद असेल तर कमर्शियल कोर्टात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीचा मनाई हुकूम वगैरे हवा असेल तरच सूट. मुदत साधारण तीन वर्षं, फोनवर गोड बोलण्यात ती निघून जाऊ देऊ नका. चेक बाऊन्स झाला असेल तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, आणि नंतर एका महिन्यात तक्रार.

निकाल हातात आला तरी पैसे आपोआप येत नाहीत, कोर्टात दरखास्त टाकून जप्ती मागावी लागते. तेव्हा त्यांचं बँक खातं कुठलं हे सांगता आलं पाहिजे, म्हणून ज्या खात्यातून शेवटचं पेमेंट आलं होतं ते स्टेटमेंट आजच काढून त्याच फाईलला लावून ठेवा.