मोठ्या बाईकला ५२० चेन बसवताना

५२५ किंवा ५३० चेनची बाईक त्याहून अरुंद ५२० चेनवर नेण्याआधी नेमकं काय हवंय ते ठरवा. मूठ पिळल्यावर बाईक जास्त ओढायला हवी असेल, तर ते काम स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्या चक्रांवरून फिरते त्यांच्या दात्यांचं आहे, चेनच्या रुंदीचं नाही. ५२० मुळे फिरणारं वजन कमी होतं. त्यातलं मागच्या चाकाकडचं वजन सस्पेन्शनच्या खालचं असल्याने खड्ड्यांवर चाक जरा लवकर सावरतं. फायदा खरा आहे, पण लहान आहे.

चेनच्या आकड्यातला पहिला ५ म्हणजे पिच, लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर: ५/८ इंच, अर्थात १५.८७५ मिमी. तो तिन्हींत सारखाच असतो. बदलते ती आतली रुंदी: ५२० मध्ये ६.३५, ५२५ मध्ये ७.९४ आणि ५३० मध्ये ९.५३ मिमी. पिच सारखा असल्यामुळे जुनी ५२५ चेन नव्या ५२० स्प्रॉकेटवर सहज चढते आणि तिथेच फसगत होते. अरुंद दात्यावर ती डावी-उजवीकडे डुलत राहते आणि दाते एका बाजूने खाते. म्हणून चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट, तिन्ही एकदमच बदलायची.

डब्यावर ५२० लिहिलंय एवढ्यावर चेन घेऊ नका. केटीएम ३९० ड्यूकला कंपनीतूनच ५२० येते, इंटरसेप्टर ६५० लाही ५२०च. लिटर क्लासच्या (हजार सीसीच्या आसपासच्या) बाईकला लागणारी ५२० वेगळी असते: साइड प्लेट जाड, पिनचं पोलाद चांगलं. किती सीसीपर्यंत चालेल आणि किती ओढ सहन करेल, हे चेन कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. आपल्या बाईकच्या सीसीला पुरणारीच घ्या, एक्स-रिंगची (आतलं ग्रीस अडवून धरणाऱ्या रबरी रिंगांची) घ्या आणि जोड रिव्हेटचाच, म्हणजे पिनचं डोकं फुलवून पक्का केलेला हवा. क्लिपचं लॉक एवढ्या ताकदीच्या बाईकला नकोच.

ताकद म्हणजे किती, ते एका उदाहरणावरून बघा. कावासाकी झेड९०० चा टॉर्क ९८.६ न्यूटन मीटर, प्रायमरी रिडक्शन (इंजिन ते क्लचमधलं गिअरचं गुणोत्तर) १.६२७, पहिला गिअर २.६९२. म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवर साधारण ४३२ न्यूटन मीटर येतात. मूळच्या १५ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ३८ मिमीच्या आसपास, त्यामुळे चेनवरची ओढ हिशेबाने सुमारे १,१५० किलोची. रस्त्यावर त्याआधीच पुढचं चाक उचलतं, पण क्लच झटक्यात सोडला की चेनला धक्का बसतो तो याच घराण्यातला.

इथेच दात्यांचा प्रश्न येतो. या बाईकचं मूळ गणित १५/४४ (पुढे १५ दाते, मागे ४४), म्हणजे २.९३. पुढचा एक दात कमी करून १४/४४ केलं तर ३.१४, मागे तीन वाढवून १५/४७ केलं तर ३.१३. ओढ जवळपास सारखीच वाढते, सात टक्क्यांच्या आसपास. पण पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेनवरचा ताणही तेवढाच वाढतो, कड्या जास्त तीव्र कोनात वळतात आणि चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) प्लॅस्टिक पट्टीला घासायला लागते. आधीच अरुंद चेन घेतली आहे, तर पुढे दात कमी करू नका; वाढवायचे ते मागे वाढवा. सातारा रस्त्यावर ज्या वेगाला ५,००० आरपीएम लागत होते, तिथे ५,३५० च्या जवळ लागतील. स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्पीडोमीटरही तेवढाच जास्त दाखवेल. चाकावरच्या एबीएस रिंगवरून घेत असेल तर फरक पडत नाही. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे पहिल्या खेपेला दाते मूळचेच ठेवणं. कड्यांची संख्याही मग तीच राहते.

मागचं स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचं की पोलादी? ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे वजनातली मोठी कपात इथेच होते. पण पुण्यात रोज औंध ते हिंजवडी धुळीतून आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलातून बाईक जाणार असेल, तर ग्रीसमध्ये अडकलेली बारीक रेती ॲल्युमिनियमचे दाते कानशीसारखी खाते. रोजच्या बाईकला पोलादी, फक्त रविवारी निघणाऱ्या बाईकला ॲल्युमिनियम. पुढचं मात्र कायम पोलादीच.

सामान नाना पेठेतून घ्या नाहीतर कुठूनही मागवा, पैसे देण्याआधी जुनं पुढचं स्प्रॉकेट आणि नवं शेजारी ठेवून व्हर्नियरने बॉसची, म्हणजे स्प्लाइनच्या (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचांच्या) भागाची जाडी मोजा. दाते अरुंद असले तरी बॉस मूळच्याइतकाच हवा. तो पातळ असेल तर नट शाफ्टवर टेकतो, स्प्रॉकेट दाबलं जात नाही आणि मागे-पुढे हलत स्प्लाइन खातं. मग गिअरबॉक्स उघडायची वेळ येते. दुसरी गोष्ट चेनच्या रेषेची. ५२५ आणि ५२० च्या रुंदीतल्या १.५९ मिमीच्या फरकाचा निम्मा, म्हणजे ०.८ मिमी, इतका मध्य सरकू शकतो. दोन्ही स्प्रॉकेटं एकाच बाजूला सरकली तर बिघडत नाही. विरुद्ध बाजूंना सरकली तर चेन दीड मिमी तिरकी धावते. भोसरीत टर्नरकडून वॉशर करून घेण्यापेक्षा त्याच मॉडेलसाठी बनवलेलं किट बरं.

बसवताना क्रम चुकवू नका. जुनी चेन लावलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून पुढचा नट सैल करा. चेन काढल्यावर शाफ्ट धरायला काहीच उरत नाही. लॉक वॉशर आधी सरळ करा आणि परत बसवताना नवाच वापरा. जुन्या चेनच्या पिनांची डोकी ग्राइंडरने सपाट करून मगच ब्रेकर (पिन ढकलून काढायचं हत्यार) लावा, नाहीतर ब्रेकरची सुई तुटते. चाक काढलंच आहे तर हबमधली रबरं दाबून बघा. सैल असतील तर बदला. मागचे नट समोरासमोरचे घेत, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा.

रिव्हेट करताना घाई नको. जोडकडीच्या चारही रिंगांना डब्यातलं ग्रीस लावा. साइड प्लेट थोडी थोडी दाबत शेजारच्या कडीची बाहेरची रुंदी आणि हिची रुंदी व्हर्नियरने सारखी होईपर्यंत जा. जास्त दाबली तर रिंग चेपते आणि ती कडी कायमची ताठ राहते. स्प्रॉकेटवरून जाताना तिथे चेन किंचित उडी मारताना दिसते. मग पिनचं डोकं फुलवा. बऱ्याच चेनना ५.५ ते ५.८ मिमी लागतं, पण चेनसोबतच्या कागदावरचा आकडा प्रमाण माना. शेवटी बॅटरीच्या उजेडात डोक्याच्या कडेने चीर गेली आहे का ते बघा. चीर दिसली तर नवी जोडकडी.

स्विंगआर्मवरच्या खुणांवर भिस्त ठेवू नका. पिव्होटच्या (स्विंगआर्म ज्या बोल्टवर हलतो त्याच्या) मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. चाक फिरवत चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधा आणि ढील, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, तिथेच मोजा. किती ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. दोघं बसून घाटात जाणार असाल तर त्या मर्यादेतली सैल बाजू धरा. घट्ट चेन स्पीडब्रेकरवर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते, आणि पुण्यात स्पीडब्रेकर पावलोपावली.

पहिल्या १०० आणि ५०० किलोमीटरनंतर ढील आणि नट परत बघा. अरुंद चेनमध्ये पिन आणि बुशचा टेकणारा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे झीज लवकर होते. दर महिन्याला चेन ताणून धरून २१ पिना मोजा, म्हणजे २० कड्या होतात: नव्या चेनला ३१७.५ मिमी, आणि ३२० च्या पुढे गेली की नव्या किटचे पैसे बाजूला काढायला लागा.