बेळगावात राहून कॉस्प्ले सुरू करायचाय? मग एवढं बघा

कॉस्प्ले म्हणजे कॉमिक, ॲनिमे, सिनेमातल्या आवडत्या कॅरेक्टरचा वेश करणं. कॉस्च्युम आणि प्ले जोडून हा शब्द जपानमध्ये 1980 च्या दशकात रुजला, पण वेश घेऊन उभं राहणं आपल्याला नवीन नाही, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखाव्यात तासनतास उभी असलेली पोरं बघतच आपण मोठे झालोय की. त्यामुळे "आपल्याकडं कुठं चालतंय असलं" हे मनातनं काढून टाका.

पहिलं कॅरेक्टर सोपं आणि खरंच आवडतं घ्या. 'वन पीस' या जपानी ॲनिमेतला लुफी घ्या ना: गवती हॅट, लाल शर्ट, निळी हाफ पँट, डाव्या डोळ्याखाली आयलायनरनं काढलेला व्रण, झालं. शर्ट-पँट घरात नसेल तर गणपत गल्ली, खडेबाजार फिरून या. काही शिवायचं असेल तर टेलरकडं पुढून, मागून, बाजूनं असे तिन्ही फोटो प्रिंट काढून न्या, आधी मांजरपाटावर एक ट्रायल शिवून घ्या आणि लग्नसराई, दिवाळी टाळा, नाहीतर टेलर लक्ष देत नाहीत. तयार ड्रेस विकत घेतला तरी तो कॉस्प्लेच, त्यावरनं कुणाला कमी लेखू नका.

चिलखत करायचं असेल तर ईव्हीए फोम, योगा मॅटसारखा असतो तोच. अंगाला प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, वर मास्किंग टेप, त्यावर पेननं जोड आखून दुसऱ्याकडनं जपून कापून घ्यायचं, हाच तुमचा पॅटर्न. फोमला हीट गननं (गरम हवा फेकणारं मशीन) शेक दिला की तो वाकतो, छिद्रंही बंद होतात आणि रंग कमी पितो. आता ग्लू. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मगच दाबायचं. मी पहिल्या वेळी घाई केली आणि छातीची प्लेट कार्यक्रमाच्या एंट्रीच्या लाईनीतच सुटली, तीन आठवड्यांची मेहनत होती, लई वाईट वाटलं. आपल्या पावसात तर ग्लू आणि रंग दोन्ही लवकर वाळत नाहीत, जून ते सप्टेंबर वेळ दुप्पट धरा. आणि हे काम गॅलरीतच करा, साधा एन-95 मास्क धूळ अडवतो, ग्लूचा वास नाही.

कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक आणि कॉस्प्लेवाल्यांचा मेळावा (थोडक्यात कॉन), भारतात 2011 ला दिल्लीत सुरू झालं, आता बेंगळुरू-मुंबईतही होतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळुरू गाठता येतं, पण रेल्वेत न्यायचं म्हणून मोठा प्रॉप (तलवार, ढाल असं हातातलं सामान) तुकड्यांत करा आणि झाकून न्या. धातूचं पातं चालत नाही, प्रॉपचे नियम आधी वाचा. बेळगावात शूट करताना कॅम्प भागात खोटी बंदूकसुद्धा बाहेर काढू नका, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे तिथं. किल्ल्यात जाणार असाल तर आत कमल बस्ती आहे, आश्रम आहे, देवाच्या ठिकाणी पोज नको, आधी विचारा. महाराज किंवा देवदेवतांचा वेश करायचा असेल तर लोकांच्या भावनांचा विचार करूनच करा.

आता वागणं, आणि मला हे शिलाईपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. चित्ररथावरच्या पोराची दाढी कुणी ओढून बघत नाही ना, मग कॉनमधल्या पोरीच्या विगला हात का लावायचा? वेश केला म्हणजे परवानगी दिली असं नसतं. "फोटो काढू का?" विचारा, बेंगळुरूत कन्नडमध्ये "फोटो तेगीबहुदा?" म्हणा, आणि नाही म्हणाली तर सॉरी म्हणून बाजूला व्हा, कारण विचारत बसू नका. कुणी जेवतंय, वॉशरूमकडं चाललंय, तर थांबा. खालनं कॅमेरा धरून, न सांगता काढलेले फोटो अजिबात नकोत. पोस्ट करताना कॉस्प्लेयरला टॅग करा, फोटो डिलीट कर म्हणाली तर लगेच डिलीट करा. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारूनच.

रंग, वजन, मुलगा की मुलगी यावरनं "हे कॅरेक्टर तुला शोभत नाही" असं कुणाला म्हणायचं नाही, आणि कॅरेक्टरसारखं दिसायला स्वतःची कातडी काळी रंगवायची नाही, विग आणि कपडे पुरतात. कुणी कुणाला त्रास देताना दिसलं तर त्या व्यक्तीजवळ जाऊन उभे राहा, व्हॉलंटियरला बोलवा.

बॅगेत सेफ्टी पिना, सुई-दोरा, डबल टेप आणि फेविक्विक जास्तीचं ठेवा, शेजारच्याचं काहीतरी तुटलेलं असतंच.