तिवरांतला वाळक्या पानासारखा पतंग: कधी, कुठे आणि कसा शोधायचा

पावसाळा सरता सरता मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठची तिवरांची झाडं एकाएकी तपकिरी पडतात, पानांच्या शिरा तेवढ्या उरतात आणि कोणीतरी विष ओतलं अशी बोंब होते. झाडाखाली अळ्या लोंबताना दिसल्या तर संशय विषावर नको, हायब्लिया प्युएरा या पतंगावर घ्यावा. सागाची पानं फस्त करणारा म्हणून जो बदनाम आहे, तोच हा. खाडीत साग नाही, म्हणून तिवरावर भागवतो.

पतंगाचा पंखविस्तार जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. बसताना पुढचे पंख छपरासारखे मिटतो. त्यांचा करडा-तपकिरी रंग वाळक्या पानाचा. मागच्या काळपट पंखांवर नारिंगी-पिवळे डाग असतात, पण ते छपराखाली झाकलेले. म्हणून दिवसा नुसतं बघत फिरण्यात अर्थ नाही. काठीने खालच्या फांद्या आणि झुडपं हळूच हलवा. पतंग उठतो, नारिंगी लकाकी दिसते, थोडं अंतर उडून तो खाली बसतो आणि नारिंगी रंग नाहीसा होतो. नवखा माणूस इथेच फसतो, कारण त्याची नजर अजून नारिंगी शोधत असते. तो कुठे उतरला ती जागा नजरेत धरून ठेवा आणि तिथे तपकिरी वस्तू शोधा. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने जवळजवळ आडवी धरा; पानाच्या आणि पंखांच्या सावलीतला फरक लगेच कळतो. तोंडाजवळची टोकदार स्पर्शकं (या मिशा नव्हेत) चोचीसारखी पुढे आलेली असली की ओळख बरीचशी पक्की. फळांचा रस शोषणाऱ्या मोठ्या पतंगांचे मागचे पंखही पिवळे-नारिंगी असतात, पण ते याच्या दुप्पट-तिप्पट मोठे.

रात्री दिव्यावर पाहायचं असेल तर आधी तिथी बघा. अमावास्येची रात्र अंधारी म्हणून पतंगांना उत्तम, पण मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा उधाण असतं आणि पूर्ण भरती मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी तुमच्या कामाच्या वेळी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते हा कोळ्यांचा हिशेब इथे कामाला येतो. वद्य अष्टमीला तो सहावर येतो: संध्याकाळी सहाला भरती, तीही भांगाची, म्हणून पाणी फार आत चढत नाही. मग मध्यरात्रीपर्यंत ओहोटी, आणि चंद्रही साधारण मध्यरात्रीच उगवतो. म्हणजे अंधार आणि कोरडा बांध दोन्ही मिळतात. शुद्ध अष्टमीला भरतीची वेळ तीच, पण चंद्र अर्ध्या रात्रीपर्यंत आकाशात, म्हणून ती टाळा. नक्की वेळ मात्र त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या.

दिवा चिखलात नको, बांधावर लावा. सहा बाय चार फुटांचा पांढरा सुती पडदा झाडांकडे तोंड करून ताणा आणि त्यापुढे अतिनील ट्यूब किंवा एलईडी ठेवा. जवळ रस्त्याचा दिवा असला तर पतंग तिकडे जातात आणि तुमचा पडदा रिकामा राहतो. जोराचा वारा असला तरी तीच गत. तिवराची श्वसनमुळं चिखलातून सुळ्यांसारखी वर आलेली असतात. ती तुडवू नका. बुटाचं नुकसान होतंच, झाडाचंही होतं. अधिसूचित कांदळवनात शिरण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते.

खरी मेहनत अळीवर घ्यावी, कारण तिचा माग दिवसाही लागतो. मादी कोवळ्या पानांवर शिरांजवळ एकेक अंडं घालते. एकूण संख्या काही शेकड्यांत जाते. दोनेक दिवसांत अळी बाहेर येते, पानाची कड कापून दुमडते, रेशमी धाग्याने शिवते आणि त्या घडीत बसून खाते. तेव्हा शेंड्याकडची घडी पडलेली पानं शोधा. उबदार, दमट हवेत दहा-बारा दिवसांत वाढ पुरी होते. विरळ असल्या तर अळ्या हिरवट असतात, गर्दी झाली की काळपट होतात. म्हणजे रंगावरूनच साथीचा अंदाज येतो. सागाखाली त्या पालापाचोळ्यात कोष करतात. भरतीचं पाणी फिरणाऱ्या जमिनीवर कोष शोधायचा तो दुमडलेल्या पानांत. सहा ते आठ दिवसांत पतंग बाहेर.

घरी वाढवायच्या तर अळ्या परवानगी असलेल्या जागेवरूनच आणा. एका रुंद बरणीत चार-पाचच ठेवा, तोंडाला मलमल बांधा. डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या बुडतात. पानं रोज बदला, विष्ठा रोज काढा. डासांचं मलम लावलेल्या हातांनी पानांना शिवू नका. अळी मऊ पडून उलटी लोंबली आणि तिच्या अंगाचं पाणी झालं तर तो विषाणू समजा. अशी बरणी लगेच वेगळी करून ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, नाहीतर बाकीच्याही जातील. याच पतंगाच्या विषाणूवर केरळच्या वनसंशोधन संस्थेने सागासाठी जैविक उपाय तयार केला आहे. पतंगाऐवजी बरणीत तपकिरी दाण्यासारखे माशीचे कोष निघाले तर अळीत परजीवी होता. तेही जपून ठेवा, नोंद म्हणून ते पतंगाइतकेच मोलाचे.

ओक्याबोक्या झाडांवर कीटकनाशक फवारायचा आग्रह होतो, तो ऐकू नका. औषध खाडीत उतरतं आणि खेकडे, मासे व अळीला मारणाऱ्या परजीवी माश्या यांनाही मारतं. तिवरांना काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते. त्याच कोवळ्या शेंड्यांवर पुढची अंडी सापडू शकतात, म्हणून पालवी दिसताच भिंग घेऊन परत जा.