पेठेतला जुना वाडा संग्रहालय म्हणून कसा जपावा

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातील वस्तू आहेत आणि कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयात गावगाडा शिल्पांच्या रूपाने उभा आहे. मात्र शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत शंभर वर्षांपूर्वी माणसे कशी राहत होती हे सांगणारे लाकडी वाडे एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. ज्या कुटुंबाला, तालमीला किंवा मंडळाला असा एखादा वाडा वाचवून लोकांसाठी खुला करायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

वाडा आहे त्या जागीच ठेवायचा की सुटा करून दुसरीकडे उभारायचा, हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो. स्टॉकहोममध्ये १८९१ साली सुरू झालेल्या स्कान्सेन संग्रहालयाने दूरदूरची लाकडी घरे उचलून एकत्र आणली. डेन्मार्कच्या आरहूस शहरात १५९७ सालचे एक घर पाडले जाण्याच्या बेतात असताना ते वाचवून हलवण्यात आले आणि १९१४ मध्ये त्यातूनच जुन्या शहराचे संग्रहालय उभे राहिले. तरीही घर हलवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे माझे ठाम मत आहे, कारण बोळातून दिंडी दरवाजात, दरवाजातून सोप्यात (ओसरीत) आणि सोप्यातून चौकात जाताना जो अनुभव येतो, तो शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर येत नाही.

कोणताही निर्णय झाला तरी हातोडा, पहार किंवा रंगाचा ब्रश वाड्याला लागण्यापूर्वी नोंद पूर्ण झाली पाहिजे. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक व नकाशा मिळवावा, घरातील मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि मग प्रत्येक मजल्याचा मोजमापासह आराखडा करावा. चौकाभोवतीचा भार खांब आणि तुळया पेलतात, त्यामुळे भिंतीपेक्षा लाकडाची नोंद अधिक बारकाईने ठेवावी लागते. प्रत्येक खांबाला, तुळईला आणि कडीपाटाच्या (लाकडी कड्या-फळ्यांच्या छताच्या) प्रत्येक कडीला क्रमांक द्यावा, तोच क्रमांक आराखड्यावर लिहावा आणि क्रमांकाची ॲल्युमिनियमची पट्टी दिसणार नाही अशा बाजूला बसवावी. लाकडे उतरवायची असतील तर प्रत्येक सांध्याचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत नेमके कसे बसवले होते हे सांधा सुटल्यावर सांगता येत नाही. या कामाला जुन्या पद्धतीचे काम येणारा अनुभवी सुतार सोबत असावा आणि त्याने बोलता बोलता सांगितलेलेही लिहून घ्यावे.

वस्तूंच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान उत्साहाने होते. वाडा रिकामा करताना जाते, पाटा-वरवंटा, घंगाळ, बंब, शिंकाळे, पितळी डबे सगळे एका खोलीत आणून टाकले की कोणती वस्तू कुठे होती ही माहिती कायमची जाते, आणि त्या माहितीविना दळायचे जाते म्हणजे नुसता दगड उरतो. म्हणून वस्तू हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, कोनाड्याचे आणि फडताळाचे जसे आहे तसे छायाचित्र घ्यावे. त्यानंतर प्रत्येक वस्तूला २०२५.७.३ अशा धर्तीचा क्रमांक द्यावा: पहिला आकडा मिळाल्याचे वर्ष, दुसरा त्या वर्षातील कितवी देणगी, तिसरा त्या देणगीतील कितवी वस्तू. धातूवर वा लाकडावर क्रमांक थेट लिहू नये. पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर देऊन त्यावर लिहावा, म्हणजे पुढे तो काढता येतो. कापडावर क्रमांकाची पट्टी हलक्या टाक्यांनी शिवावी. नऊवारी लुगडी घड्या घालून ठेवण्यापेक्षा धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावीत, आणि तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासण्याचा मोह टाळावा, कारण त्याने झीज होते आणि वापराच्या खुणा पुसल्या जातात.

वापर कसा होता हे माणसेच सांगू शकतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, भाडेकरूंच्या आणि धुणीभांडी करायला येणाऱ्या बायकांच्या मुलाखती त्यांची लेखी संमती घेऊन ध्वनिमुद्रित कराव्यात. ‘जुने दिवस कसे होते’ असे विचारले तर कौतुकाची ठरावीक उत्तरे मिळतात. त्याऐवजी पहाटे आधी कोण उठायचे, पाणी कुठून यायचे, न्हाणीत कोणाचा क्रम कधी, बाळंतिणीची खोली कोणती, पंगतीत शेवटी कोण जेवायचे, कोणाला माजघरापर्यंत प्रवेश होता आणि कोणाला सोप्यावरूनच परतावे लागायचे, असे विचारावे. जातीपातीची आणि कष्टांची ही बाजू मांडणीत आलीच पाहिजे, अन्यथा ते संग्रहालय मालकाच्या वैभवाचे दालन होईल.

लाकडाचे शत्रू दोनच, पाणी आणि कीड, आणि बहुतेक वेळा पाण्यामागोमाग कीड येते. म्हणून आधी कौले शाकारून घ्यावीत, पन्हळी मोकळ्या कराव्यात, मगच लाकडाला हात लावावा. मातीच्या आणि चुन्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, कारण ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोके कुजतात. खांबाचा तळ कुजला असेल तर संपूर्ण खांब न बदलता कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा जोड द्यावा आणि जोडावर दुरुस्तीचे वर्ष कोरावे. भुंगेऱ्यांची कीड जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्यासाठी छिद्रांखाली काळा कागद पसरून ठेवावा. काही दिवसांत त्यावर ताजा भुगा पडला तर उपचार आवश्यक आहे. मोठ्या लाकडांवर बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण जाणकाराच्या देखरेखीखाली वापरता येते. पाटासारखी लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसखाली एक-दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. स्वयंपाकघराच्या आढ्यावरची काजळी मात्र सगळी धुऊन काढू नये. पिढ्यान्‌पिढ्या पेटलेल्या चुलीचा तो पुरावा आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवावी, देणगीदाराकडून वस्तूची मालकी लेखी घ्यावी, आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती वा चित्रे असल्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार नोंदणी लागते का हे विचारून घ्यावे.

२००५, २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर लक्षात घेता नदीकाठच्या पेठांतील वाड्यात कागद, कापड आणि छायाचित्रे तळमजल्यावर ठेवूच नयेत आणि नोंदवहीची एक प्रत शहराच्या उंच भागात असावी. जूनपूर्वी, कोणती वस्तू आधी वर न्यायची याची यादी दाराजवळ लावावी व ती कोण नेणार त्यांची नावे ठरवावीत. लाकूड भिजलेच तर चिखल स्वच्छ पाण्याने हळुवार धुऊन ते सावलीत, वाऱ्यावर, जमिनीपासून उचलून सावकाश वाळवावे; उन्हात ठेवल्यास ते तडकते आणि पिळवटते.