सॉफ्टवेअर टेस्टरांचा अभ्यासगट कसा चालवावा: पाच-सहा जण, एक ॲप, दीड तास

‘कऱ्हाड’ हा शब्द एका कीबोर्डवरून टाइप करा, मग दुसऱ्या एखाद्या कीबोर्डवरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील. पण एक रूप साठवलेलं असताना दुसरं शोधलं, तर ते सापडेलच असं नाही. कारण तो अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारा एक जोडक.

हे मला कुठल्याही कोर्सात शिकवलं नव्हतं. आम्ही दोघं एकच बुकिंगचं ॲप शेजारी बसून तपासत होतो. मी तारखा आणि रकमा खेळवत होतो. शेजारच्याचं आजोळ कऱ्हाडचं, त्याने सहज गावाचं नाव टाकलं आणि यादी रिकामी आली. पाच वर्षं टेस्टिंग करूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते त्याच्या डोक्यात का आलं हेच त्या दिवशीचं शिक्षण होतं. ऑफिसात अशी संधी क्वचित मिळते. तिथे एक मॉड्यूल एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, आणि रिलीजच्या आदल्या रात्री कोण कुणाच्या शेजारी बसतो? म्हणून अभ्यासगट जमवून ही संधी मुद्दाम तयार करावी लागते.

आधी माणसं. पाच-सहा पुरेत. आठच्या पुढे गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. शक्यतो सगळे एकाच कंपनीतले नकोत. एक अगदी नवखा हवा, एक ऑटोमेशनवाला (प्रोग्रॅम लिहून तपासणी आपोआप करवणारा) हवा, एखादा डेव्हलपर खुशीने येत असेल तर उत्तमच. मात्र गटातल्या कुणाचाही मॅनेजर गटात घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर “मला हे सुचलंच नाही” असं कुणी म्हणत नाही, आणि हा गट त्या एका वाक्यावर चालतो.

मग काय तपासायचं ते ठरवा. ऑफिसचं काम आणायचं नाही, त्याचे स्क्रीनशॉटही नाहीत. गोपनीयतेच्या करारावर आपण सह्या केलेल्या असतात. दुसऱ्याच्या चालू वेबसाइटवर परवानगीशिवाय घुसून पाहायचं नाही. तो सराव होत नाही, आयटी कायदा २००० च्या कक्षेत येणारा उद्योग होऊ शकतो. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स घ्या. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि सापडलेला बग, म्हणजे दोष, खरोखर नोंदवता येतो. सुरक्षेची गोडी असेल तर ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं ‘ज्यूस शॉप’ आपल्या लॅपटॉपवर चढवा. मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं दुकान आहे ते.

पहिल्या बैठकीला मात्र ॲप नकोच, कागद-पेन पुरे. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकात मांडलेला त्रिकोणाचा प्रश्न द्या: प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. तो तपासायला काय काय टाकून पाहाल, म्हणजे टेस्ट केस, ते लिहा. दहा मिनिटांनी कागद अदलाबदल करून तपासा. १, २, ३ टाकलं का? (त्याचा त्रिकोण होत नाही.) ३, ३, ४ च्या तिन्ही क्रमांनी तपासलं का? शून्य, ऋण संख्या, दोनच आकडे? आणि प्रत्येक केससमोर अपेक्षित उत्तर लिहिलं का? मायर्स यांच्या यादीत असे १४ प्रश्न होते, आणि त्यांच्या अनुभवात कसलेले प्रोग्रॅमरही सरासरी ७.८ गुणांवर थांबत. हा आकडा कागद तपासून झाल्यावर सांगा. आधी सांगितलात तर सगळे जपून लिहितात.

दुसऱ्या बैठकीपासून वेळेची विभागणी अशी: पाच मिनिटं चार्टर, चाळीस मिनिटं तपासणी, उरलेली पंचेचाळीस चर्चा. चार्टर म्हणजे आज कशाचा, कशाच्या मदतीने, काय शोधण्यासाठी धांडोळा घ्यायचा याचं एक-दोन ओळींचं कलम. “कॅल्क (लिबरऑफिसमधली स्प्रेडशीट) तपासा” हे चार्टर नव्हे. “कॅल्कमध्ये तारखांची क्रमवारी, २९ फेब्रुवारी आणि मराठी महिन्यांची नावं टाकून, कुठे बिघडते ते पाहा” हे चार्टर. ही पद्धत जोनाथन आणि जेम्स बाख या भावांनी २००० च्या सुमारास मांडली. ठरावीक वेळेची अखंड बैठक, एक चार्टर, सोबत नोंदी आणि शेवटी डीब्रीफ, म्हणजे झालेल्या तपासणीवर प्रश्नोत्तरं. तपासणी चालू असताना बोलायचं नाही आणि प्रत्येकाने सुचेल ते वहीत लिहायचं. बग नसलेल्या वाटाही लिहायच्या, कारण चर्चेत त्याच उपयोगी पडतात.

चर्चेला घाईने गुंडाळणारे गट महिन्याभरात बंद पडतात. आमच्या पहिल्या तीन बैठका अशाच वाया गेल्या. प्रत्येकाने बगची संख्या सांगितली, ज्याचे जास्त तो खूश, मग चहा. बग मोजणं बंद केलं आणि प्रश्न बदलले तेव्हा गाडी रुळावर आली. बाख बंधूंच्या डीब्रीफमध्ये पाच गोष्टी विचारतात: काय केलं, हाती काय लागलं, आडवं काय आलं, अजून काय उरलंय, आणि या सगळ्याबद्दल मनाला काय वाटतं. शेवटचा प्रश्न सुरुवातीला बावळट वाटतो. पण “मला कंटाळा आला होता” या उत्तरातून कित्येकदा कळतं की चार्टरच पोकळ होतं. “इथे काहीतरी गडबड वाटते, सिद्ध करता येत नाही” या उत्तरातून पुढच्या बैठकीचं चार्टर मिळतं. आम्ही त्यात आमचा एक प्रश्न घातलाय: हे तुला नेमकं कशावरून सुचलं?

एकच माणूस बोलत सुटला तर रंगीत कार्डं वापरा. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस अल्टोसला केम केनर आणि ब्रायन लॉरेन्स यांनी टेस्टरांच्या छोट्या कार्यशाळा सुरू केल्या. तिथे एकाने प्रत्यक्ष केलेल्या कामाचा अनुभव सांगायचा आणि बाकीच्यांनी तो प्रश्न विचारून पिंजून काढायचा. त्या परंपरेतल्या बैठकांत कार्डं वापरतात: हिरवं म्हणजे नवा मुद्दा, पिवळं म्हणजे चालू मुद्द्यालाच जोडून, लाल म्हणजे आत्ताच बोललं पाहिजे. पाच जणांत हे नाटकी वाटेल. तरी गटातला जो सर्वांत गप्प असतो, त्याच्या हातात कार्ड आलं की तो बोलतो. महिन्यातली एक बैठक अशा अनुभवकथनाला द्या. पीपीटी मात्र नको. स्लाइड आल्या की माणसं ऐकायला बसतात, प्रश्न विचारायचे विसरतात.

सापडलेले बग त्याच दिवशी नोंदवा. पायऱ्या, काय घडलं, काय घडायला हवं होतं. दुसऱ्याने तो बग फक्त मजकूर वाचून पुन्हा घडवून दाखवायचा. जमलं नाही तर लिहिणाऱ्याची चूक. हा नियम कडक ठेवा.

सर्टिफिकेटचं काय, असं नवखे विचारतातच. आयएसटीक्यूबी या टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या फाउंडेशन परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं आणि पास व्हायला ६५ टक्के. नोकरीच्या जाहिरातीत मागितलं असेल तर जरूर द्या, परिभाषा पक्की होते. पण गटाची बैठक तिच्या क्लाससाठी वापरू नका. तो अभ्यास घरी होतो.

एका गावात माणसं नसतील तर ऑनलाइन भेटा. २००९ साली बंगळुरातल्या काही टेस्टरांनी ‘वीकेंड टेस्टिंग’ सुरू केलं, ते स्काइपच्या लेखी चॅटवर. लेखी चॅटचा एक फायदा व्हिडिओ कॉलमध्ये नाही. चर्चा आपोआप कागदावर उतरते आणि गैरहजर राहिलेला ती नंतर वाचू शकतो.

तिसऱ्या बैठकीसाठी एक सराव देऊन ठेवतो. नावाची चौकट असलेला कुठलाही फॉर्म घ्या आणि त्यात ‘क्षितिज’ टाका. त्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: या नावात किती अक्षरं? मराठी माणूस तीन म्हणेल. युनिकोड या लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या हिशोबाने सात चिन्हं होतात (हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या मोजतात), आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत एकवीस बाइट. आता चौकटीची मर्यादा वीस असेल, तर ती वीस नेमकं काय मोजते हे बाहेरून कसं ओळखाल? आमच्याकडे या एका प्रश्नावर दीड तास गेला आणि चहा गार झाला.