‘कुणाची काही हरकत?’ असं विचारू नका: मॅनेजरांनो, निर्णय घेताना या चुका टाळा

‘मला वाटतं हाच व्हेंडर घेऊ. कुणाची काही हरकत?’ साहेबांनी असं म्हटलं की मीटिंग तिथेच संपते, पुढचा वेळ फक्त चहा-बिस्किटांचा. आमच्या स्टोअरवाल्याला माहीत होतं की त्या व्हेंडरचा माल आधी दोनदा उशिरा आला होता. तरी तो गप्प बसला. नंतर विचारलं तर म्हणाला, ‘सर, तुमचं ठरलेलंच होतं ना.’ त्या दिवशीचा साहेब मीच. लष्करी न्यायालयात मतं कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घेत जातात, ते उगाच नाही. बॉसने शेवटी बोलावं.

दुसरी चूक जास्त घातक आहे: पुरावा शंका घेणाऱ्याकडेच मागणं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर यानाच्या उड्डाणाआधी, त्याचे बूस्टर (उड्डाणाला जोर देणारी रॉकेटं) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग (गोल कड्या) थंडीत ताठर होतात. ‘नासा’चे अधिकारी नाराज झाले. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला. इंजिनिअरांना बाजूला ठेवून चार वरिष्ठांनी निर्णय फिरवला. एरवी ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ असं म्हणतात. त्या रात्री ‘धोका आहे हे सिद्ध करा’ असं झालं. सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होतं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात अंतराळवीर गेले.

त्याच बैठकीत आकड्यांचीही गफलत झाली, आणि ती आपण दर महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये करतो. चर्चा झाली ती ओ-रिंगला इजा झालेल्या उड्डाणांचीच. एक १२ अंशांवरचं, एक २४ वरचं, म्हणून थंडीचा संबंध दिसेना. धड पार पडलेली उड्डाणंही मांडली असती तर चित्र लख्ख होतं: साधारण १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत त्रास, त्यावरच्या वीसांपैकी फक्त तिनांत. तुमच्याकडे रिजेक्ट झालेल्या लॉटचा तक्ता येतो तेव्हा पास झालेल्यांचाही मागा. कोणती शिफ्ट, कोणता ऑपरेटर, हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

‘एवढे पैसे घातलेत, आता कुठे थांबायचं?’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. गेलेले पैसे गेले. समजा ते एखाद्या सॉफ्टवेअरवर गेलेत; तेच आज नव्याने कुणी विकायला आणलं, तर उरलेल्या रकमेत घेतलं असतं का, एवढंच विचारा.

आणि एक साधी वही ठेवा. निर्णय, तारीख, कारण, विरोध कुणाचा, किती नुकसान झालं की थांबायचं. सगळं त्याच दिवशी लिहायचं. सहा महिन्यांनी ती उघडली की ‘मी तर तेव्हाच म्हणालो होतो’वाले बरेच कमी भरतात. आमच्याकडे तर मीच एकदा त्यात सापडलो.